म्हातारा कागदावर उतरतो तेव्हा

सारोळ्याच्या पुलावर उभे राहा. पाठीमागून साताऱ्याकडे निघालेले ट्रक पूल हादरवत चाललेत, डिझेलचा धूर घशात उतरतोय, खाली नीरा वाहतेय. या काठाला पुणे जिल्हा, त्या काठाला सातारा. आता डोळे मिटा आणि कठड्यावरचा हात काढून घ्या. पडणार नाही तुम्ही. फक्त पूल नाहीसा होईल आणि ट्रकही. पावणेचारशे वर्षं मागं जायचंय आपल्याला, आणि तेवढ्याला एक श्वास पुरतो.

पाय गार पडले ना? पाण्यात उभे आहात. पुलाच्या जागी नदीचा उतार आहे आणि उतारावरून लमाणांचा तांडा चाललाय. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या, गळ्यात घुंगरं, पोटापर्यंत पाणी. एक बैल तुम्हाला नखशिखांत भिजवून पुढं जातो. ओल्या कातड्याचा, शेणाचा आणि गोणपाटाचा वास एकदम अंगावर येतो. पश्चिमेकडं बघा. तिकडं रोहिडखोरं, त्यापलीकडं हिरडस मावळ, डोंगरांच्या रांगांवर ढग बसलेले. उन्हाला अजून धग नाही, पण काठावरच्या देवळात गर्दी जमलीय आणि तिथं मात्र चांगलंच उकडतंय.

घुसा आत. धक्के बसतील, बसू द्या. शिवेचा वाद आहे, गोतसभा बसलीय. देशमुख, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांची माणसं, सगळे एकाच वेळी बोलतायत. कुणाच्या खांद्यावरची घोंगडी तुमच्या नाकाला घासते. तंबाखूचा धूर, जळलेल्या तेलाचा वास, वटवाघळांच्या लेंड्यांचा वास. आणि मग गलका आपोआप उतरतो, कारण आबाला आणलंय.

दोघांनी दंडाला धरून आणलंय त्याला. डोळ्यांवर पांढरी साय धरलेली, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या, मनगटावरची कातडी सैल. पण आज सगळी सभा याच्यासाठीच खोळंबली होती. शिवेचा धोंडा मूळचा कुठं होता हे पाहिलेलं माणूस आता एवढंच उरलंय. त्याच्या हातावर बेल-भंडार ठेवतात. तो बोलू लागतो: ओढा कुठून वळायचा, आंबा कुठला, कुणाच्या बापानं तिथं काय पेरलं होतं. कारकुनाचा बोरू कुरकुरत चालतो. काजळ डिंकात घोटून केलेली शाई, खळ लावलेला कागद, मोडीचं न तुटणारं वळण. शेवटी नावं येतात, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्या नावापाशी निशाणी येते. पाटलाच्या नावाशी नांगर, वाण्याच्या नावाशी तराजू, प्रत्येकाची ओळख त्याच्या हत्यारात. आबाच्या नावापुढं चार रेघांचा नांगर उमटतो आणि काम संपतं.

महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, झाला. आबाचा शब्द कागदावर आला, नांगरही आला. तोंड आलं नाही. त्या सभेत कुणाला ते काढावं असं वाटण्याचं कारणच नव्हतं, कागदाला त्याची आठवण हवी होती आणि ती मिळाली. मला मात्र ते तोंड हवं आहे. पांढरी साय आलेले ते डोळे, बोलण्याआधी ओठांनी केलेली चुळबुळ, आणि सगळं गाव आपल्याकडं कान लावून बसलंय हे कळल्यावर ताठ झालेली मान. म्हणून तुम्हाला आणखी पुढं नेतोय. याच काळात समुद्रापलीकडच्या एका गारठलेल्या देशात एक माणूस म्हाताऱ्यांची तोंडं कागदावर उतरवत बसलाय. त्याचं आयुष्यभराचं वेड आहे ते.

पुन्हा डोळे मिटा.

थंडी! पहिल्यांदा तीच जाणवेल. हवेत पाणी भरलेलं, ऊन नावालाही नाही. नाकात एक अनोळखी धूर शिरतो. तो पीटचा, म्हणजे दलदलीतली कुजकी माती विटांसारखी कापून, वाळवून केलेल्या जळणाचा. त्यात मिसळलाय मोड आलेल्या, भाजलेल्या जवांचा गोडसर वास. लायडन शहर आहे हे, 1630 च्या आसपासचं. जवळच ऱ्हाइन नदीचा फाटा, काठावर पवनचक्क्या. त्यांतल्या एका चक्कीचा मालक हार्मेन नावाचा म्हातारा. बिअरसाठी लागणारे जव दळायचे हा त्याचा धंदा, आणि त्याच्या घराण्याच्या नावातही नदीच आहे: वान रेन. नदीकाठच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

दार ढकला. आतल्या अंधाराला डोळे सरावू द्या. लाकडी जमीन करकरते. हार्मेन खुर्चीत बसलाय, डोक्यावर टोपी घट्ट ओढलेली, अंगावर जाड कपडे, हनुवटी छातीकडं झुकलेली. पापण्या खाली आल्यायत. झोपलाय, की दिसत नाहीये, की नुसता आत बघत बसलाय? विचारू नका, कारण समोर बसलेला पोरगाही विचारत नाहीये. तेवीस वर्षांचा, कुरळ्या केसांचा, हाताला लाल खडू लागलेला. रेंब्रां. बापाचं चित्र काढतोय.

जवळ जा, त्याच्या खांद्यावरून बघा. लाल खडू, काळा खडू, वर तपकिरी शाईचा पातळ हात. आपल्याकडं गेरू ज्या मातीतून निघतो तसल्याच लोहाच्या मातीचा हा खडू, त्यामुळं कागदावरच्या गालाला आपोआप रक्त येतं. टोपी भराभर होते. दाढी दोन-चार फटकाऱ्यांत. पापण्यांपाशी मात्र हात मंदावतो. पोरगा थांबतो, फुंकर मारून खडूची पूड उडवतो, पुन्हा वाकतो. बापाच्या श्वासाची घरघर खोलीत ऐकू येते. हार्मेन 1630 च्या एप्रिलमध्ये जाणार आहे. ते चित्र राहणार आहे, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या बापाच्या नावासकट. आज ते ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे.

आता जरा बाहेर चला, कारण हा पोरगा नेमकं काय करतोय हे कळायला गावातल्या भिंती बघायला हव्यात. गुत्त्यात शिरा. मातीच्या चिलमींचा धूर इतका दाट की डोळ्यांतून पाणी येईल. बिअर सांडलेली, खारवलेल्या हेरिंग माशाचा उग्र वास, कापडाच्या मागावरून आलेल्या कामकऱ्यांचा कलकलाट. अशा ठिकाणी भिंतीला हमखास चिकटवलेला छापील कागद म्हणजे ‘आयुष्याचा जिना’. डावीकडून पायऱ्या चढतात, पहिल्या पायरीवर रांगतं मूल, पन्नाशीला माणूस माथ्यावर, आणि तिथून उजवीकडं उतरती. प्रत्येक पायरीला पाठ आणखी वाकते, काठी येते, शेवटी शंभरीचा म्हातारा अंथरुणाला खिळलेला. जिन्याच्या कमानीखाली मरण वाट बघत असतं.

त्या काळच्या युरोपात म्हाताऱ्याचं तोंड म्हणजे असा छापील अर्थ होता. चित्रकारांच्या हाताशी कोश असत. चेझारे रिपा नावाच्या इटालियन माणसानं केलेला त्यातला एक फार गाजला, डच भाषेतही आला. काळ दाखवायचाय? पंख फुटलेला म्हातारा, हातात कोयता आणि वाळूचं घड्याळ. हिवाळा दाखवायचाय? विस्तवाशी हात शेकत बसलेला म्हातारा. चिंता दाखवायची तर हाताच्या तळव्यावर डोकं टेकवायचं. भक्ती हवी असेल तर म्हातारीच्या मांडीवर जाडजूड ग्रंथ, लोभ हवा असेल तर तिच्याच हातात नाणी आणि नाकावर चष्मा. वैद्यही हेच सांगत: म्हातारपण थंड आणि कोरडं, शनीच्या अमलाखालचं. आपले वैद्य म्हातारपणाला वाताचं वय म्हणतात, तेही रुक्ष आणि शीतच. तेव्हा या बाबतीत नीरा आणि ऱ्हाइन यांच्या काठांवर एकमत होतं.

निशाण्या वाईट होत्या असं मी म्हणत नाही. नांगर वाईट असतो का? निशाणी बघितली की सगळ्यांना एकदम कळतं, आणि कळणं ही मोठी सोय आहे. पण निशाणी कळली की नजर पुढं सरकते. घड्याळ दिसलं, काळ कळला, झालं. त्या घड्याळामागचं तोंड कुणाचं, ते सकाळी उठताना कुठल्या कुशीवर वळतं, हे बघायला कुणी थांबत नाही.

लायडनच्या त्या खोलीत थांबणं सुरू झालंय. रेंब्रां आणि त्याचा मित्र यान लिव्हेन्स, दोघंही विशीतले, म्हाताऱ्यांना बोलावून बसवतात. पैसे देऊन, कधी घरच्याच माणसांना. या नुसत्या तोंडांच्या अभ्यासाला डच लोक ‘ट्रोनी’ म्हणत. एका पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याला रेंब्रांनं खुर्चीत बसवून लाल खडूनं पुन्हा पुन्हा काढलंय. तसाच चेहरा मग रंगात यिर्मया होतो, जेरुसलेम जळत असताना तळव्यावर डोकं टेकवून बसलेला संदेष्टा. बघा, कोशातली चिंतेची निशाणी अजून शाबूत आहे. पण खडूच्या कागदावर जेरुसलेम नाही, आग नाही. तिथं फक्त बसून बसून कंटाळलेला एक माणूस आहे, त्याच्या पायाला मुंग्या आल्या असाव्यात असं त्याच्या बसण्यावरून वाटतं. मला त्या रंगीत संदेष्ट्यापेक्षा हा कंटाळलेला माणूस जास्त जवळचा वाटतो.

आणि आई. नेल्चेन, बेकरीवाल्याची मुलगी. 1628 मध्ये रेंब्रांनं तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरलेला एक चेहरा तिचाच मानतात. तळहातात मावेल एवढाच तो. चिमटलेले ओठ, गालांवरच्या बारीक रेघा पाणी सोडलेल्या खाचरात भाताची रोपं लावत जावीत तशा एकीला लागून एक बसवलेल्या. हातात ग्रंथ नाही, नाणं नाही. कपाळावरच्या उजेडात ती काहीतरी ऐकतेय असं दिसतं.

वीस वर्षं पुढं चला आता. अॅमस्टरडॅम.

गोंगाटानं कान बधिर होतील. घाटांवरची माणसं ओरडतायत, पिंपं घरंगळतायत, कालव्याच्या पाण्याला सडका वास आहे आणि त्याच वासातून मिरी-दालचिनीची झुळूक येते. तुमच्या मुलखातली दारं इथं उघडतात. सुरतेचा माल घेऊन डच कंपनीची जहाजं इथल्या बंदरात लागतात, कोकणात वेंगुर्ल्यालाही कंपनीची वखार आहे. ब्रेस्ट्राटवर या. शेजारीपाजारी पोर्तुगालकडून आलेली ज्यू कुटुंबं, रस्त्यात उभे राहून हुज्जत घालणारे लांब दाढ्यांचे म्हातारे. त्यांना बघायला लांब जावं लागत नाही म्हणून रेंब्रां खूश असावा. 1639 मध्ये तेरा हजार गिल्डरांना घेतलेलं हे मोठं घर, आणि त्याचं कर्ज अजून डोक्यावर.

वर चढा, जिना सांभाळून, फार उभा आहे. कामाच्या खोलीत जवसाच्या तेलाचा, मेणाचा आणि आम्लाचा तिखट वास. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर द्यायचा, धुरानं तो काळा करायचा, सुईनं थर खरवडून चित्र काढायचं, मग पत्रा आम्लात टाकायचा. जिथं सुई फिरली तिथं आम्ल तांबं खातं. शाई भरायची, ओला कागद ठेवायचा, दाबयंत्राचं मोठं चाक दोन्ही हातांनी ओढायचं. ओढून बघा हवं तर. दंड भरून येतात.

छापून निघालेला कागद उचला. 1651. आंधळा तोबित. बायबलच्या पुरवणीतली गोष्ट: लांबच्या प्रवासाला गेलेला मुलगा परत आल्याचं कळतं आणि आंधळा बाप खुर्चीतून उठून धावतो. आता बारकाईनं बघा. हात पुढं केलाय, पण दाराच्या दिशेनं नाही. दार बाजूला राहिलंय, म्हातारा भिंतीकडं चाललाय, समोर त्याचीच सावली. घाईत बायकोचा चरखा पाडलाय. मुलाबरोबर गेलेला कुत्रा आधी येऊन पायात घोटाळतोय. कुठंही वाळूचं घड्याळ नाही, कवटी नाही. काठी आहे, पण टेकायला. या चित्रात म्हातारपण म्हणजे काय, तर आपल्याच घरातलं दार न सापडणं, तेही इतक्या आनंदाच्या क्षणी. मुलगा आता आत येईल. तुम्हाला त्याला हाताला धरून वळवावंसं वाटतं ना? हे चित्र बघताना मला दर वेळी तसं वाटतं.

निशाण्या कशा गळत गेल्या ते इथं दिसतं. आणि तिकडं रोममध्ये शिल्पकार बेर्निनीनं म्हातारपणी काळ्या खडूनं स्वतःचं तोंड काढलं, त्यातही पोपचं शहर घडवणाऱ्या माणसाचा थाट कुठं नाही. खोल गेलेले डोळे आणि रोखून बघणं. ते शतकच तसं होतं. पण रेंब्रांइतका या वाटेवर कुणी रेंगाळला नाही.

टेबलावर शाईची भांडी आहेत, वास घ्या. जुना लोखंडी तुरटपणा. यातली एक शाई मायफळाची आणि हिराकसाची. बाळगुटीत उगाळतो तेच मायफळ, ओकच्या झाडावर येणारी गाठ. हिरडस मावळातल्या हिरड्यात जो तुरट रस आहे, तसलाच तिच्यात असतो, आणि लोखंडाशी गाठ पडली की तो काळा पडतो. ही शाई लिहिताना फिकी असते, मग काळीभोर होते आणि वर्षं गेली की तपकिरी पडत जाते. कधी कधी कागद खाऊन पलीकडं निघते. म्हणजे म्हाताऱ्याचं तोंड काढून झालं तरी ते म्हातारं होणं थांबत नाही. नीरेकाठच्या कारकुनाची काजळाची शाई मात्र आजही दप्तरखान्यात काळीच्या काळी आहे. आबाचा नांगर म्हातारा होत नाही.

आणि शाईत बुडवलेली ती वस्तू ओळखलीत का? बोरू आहे तो. पन्नाशीच्या वाटेवर रेंब्रांच्या हातात पिसाच्या लेखणीबरोबर बोरूही आला. बोरूला पिसाचा लवचीकपणा नसतो. रेघ ठसठशीत पडते, मध्येच कोरडी होते, तुटते. म्हाताऱ्याच्या बोलण्यातही असे खंड पडतात, आणि त्या तुटक रेघांत त्यानं काढलेली माणसं बघताना मला तेच ऐकू येतं.

आता सरका, त्यानं एक जाडजूड बांधलेलं पुस्तक काढलंय. आत हिंदुस्थानातली चित्रं. मुघल दरबाराकडची, बारीक कुंचल्याची, सोनं लावलेली. कुठून कुठून हिंडत इथपर्यंत पोचलेली पानं. एका पानावर चार म्हातारे झाडाखाली जमिनीवर बसलेत, खाली जाजम, हातापाशी प्याले, पुस्तकं. मौलवी असावेत, कदाचित सूफी. दाढ्या छातीवर आलेल्या. मूळ पान हल्ली व्हिएन्नाच्या शोनब्रुन महालाच्या भिंतीत जडवलेलं आहे.

रेंब्रां जपानी कागदाचं पान पुढं ओढतो. पिवळसर, गुळगुळीत कागद. फार वेळ लावत नाही. सोनं टाकून देतो, रंग टाकून देतो, जाजमावरची वेलबुट्टी जवळजवळ टाकून देतो. ठेवतो काय, तर बसणं. मांडी घालून जमिनीवर बसलेलं म्हातारं शरीर त्यानं पाहिलेलंच नाही. त्याचे सगळे म्हातारे खुर्चीतले, पाय लोंबकळते, विस्तवाशी वाकलेले, जिन्याच्या उतरत्या पायरीवरचे. हे चौघं कुठंही उतरत नाहीयेत. त्यांच्या कंबरेला जमिनीचा आधार आहे, हातात प्याला आहे, आणि बोलायला माणसं आहेत. तो थांबून बघतो. मग खांद्याची एक रेघ पुन्हा गिरवतो. अशी वीसेक हिंदुस्थानी पानं त्यानं उतरवली, हे चौघं आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत.

खाली दारावर थाप पडते. 1656 चा उन्हाळा. दिवाळं निघालंय, सामानाची यादी करायला कारकून आलेत. खोलीखोलीतून फिरतात, मोजतात, लिहितात: रोमन बादशहांचे पुतळे, शिरस्त्राणं, शंख-शिंपले, आणि त्यांना नाव न सुचलेल्या विचित्र बारीक चित्रांनी भरलेलं एक पुस्तक. तीनशे त्रेसष्ट नोंदी होतात. रेंब्रांची जोडीदारीण हेंड्रिक्ये दाराशी हात बांधून उभी आहे. गर्दीत तुम्हालाही कुणीतरी कोपरानं ढकलतं आणि तुम्ही पुन्हा दाबयंत्रापाशी येऊन पोचता, तिथं पत्र्यावर नवी प्रत तयार आहे.

घ्या हातात, शाई ओली आहे, कडेनं धरा. बायबलमधल्या अब्राहामाकडं पाहुणे आलेत. पाहुणे म्हणजे देव आणि दोन देवदूत. युरोपभर ते टेबलाशी बसलेले काढतात. इथं ते जमिनीवर बसलेत, जाजमावर, मधोमध ताट, आणि मुख्य पाहुणा लांब पांढऱ्या दाढीचा म्हातारा आहे, हातात प्याला घेतलेला. झाडाखालचे ते चौघं इथं येऊन बसले. शंभरीला आलेला अब्राहाम सुरई घेऊन वाकलाय, यजमान आहे, त्याला उसंत नाही. पाहुणा सांगतोय की पुढच्या वर्षी तुझ्या बायकोला मुलगा होईल. दाराच्या फटीत बघा, अंधारात सारा उभी आहे. नव्वदीची. सगळं ऐकतेय. आणि अंगणाच्या टोकाला, सगळ्यांकडं पाठ करून, अब्राहामाचा थोरला पोरगा इश्माएल धनुष्य ताणून उभा आहे. म्हाताऱ्यांचं काय चाललंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, समोर काहीतरी हललंय आणि त्याला नेम धरायचाय.